तिसरी बादली

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी दगड वाहायच्या गाडीतून तीन बादल्या पाणी निघायचं. रेडिएटरच्या बुडाचा नळ सोडला की पहिल्या दोन भसाभसा भरायच्या, वाफ सोडत. तिसरी मात्र इंजिनाच्या पोटातली. तिचा नळ बोटाएवढा, मागच्या अंगाला, आणि तो गंजाच्या गाळानं हटकून तुंबायचा. मग त्यात तार घालून ढोसायचं. धार यायची, पुन्हा तुंबायची, पुन्हा तार. पाणी आत राहिलं तर पहाटेपर्यंत त्याचा बर्फ होणार, आणि बर्फ लोखंडाला जुमानत नाही, इंजिन फोडतो. गोठू नये म्हणून पाण्यात घालायचं औषध मिळतं, पण या गाडीचा रेडिएटर म्हणजे चाळणीचा सख्खा भाऊ. औषध आणून रस्त्याला पाजण्यापेक्षा रोज पाणी सोडलेलं परवडायचं.

सुनेनं त्या तीन बादल्या वाटून टाकल्या होत्या. पाणी तांबूस, तेलाचा वास मारणारं, पण ऊन. पहिल्या बादलीत ती नवऱ्याचे खाणीतले कपडे भिजवायची. दुसऱ्या बादलीत सासरा पाय सोडून बसायचा. तिसरी नवऱ्याची, हातपाय धुवायला. तिघांच्या दिवसात तेवढंच काय ते सुख होतं, आणि ते गाडीच्या पोटातून यायचं.

पाणी सोडायचं काम म्हाताऱ्याचं. त्याच्याकडे तेवढंच एक काम उरलं होतं.

चाळीस वर्षं त्यानं गाडी चालवली होती. दगडाची खाण सुरू झाली तेव्हा गाड्यांच्या रांगेतला अकरावा नंबर त्यानं मिळवला आणि काचेवर स्वतःच्या हातानं रंगवला. गुडघे गेल्यावर मुलगा चाकावर बसला, तरी म्हातारा रोज शेजारच्या सीटवर असायचाच. इंजिन जरा वेगळं बोललं की याचे कान टवकारायचे. मुलाला ते आवडत नव्हतं, पण तो सोसत होता.

तीन आठवड्यांपूर्वी ते सोसणं संपलं. खाणीवर दुपारी दोन तास वाऱ्यात उभी राहून गाडी आखडली. सेल्फ मारला की कण्हायची, उठायची नाही. मागे दहा गाड्या भोंगे वाजवत उभ्या. मुलानं पेट्रोलमध्ये बोळा भिजवला, तारेला बांधून पेटवला आणि हवा ओढायच्या तोंडाशी धरला. गाडी धडाडून उठली. म्हातारा खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे असं नाही करायचं. इंजिनाला आगीची चटक लागते. एकदा लागली की बोळ्याशिवाय उठत नाही. बेवड्यासारखं होतं त्याचं."

ड्रायव्हर लोक हसले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं आता पुरे झालं. उद्यापासून गाडीत बसू नका आणि गाडीला हातही लावू नका."

त्यावरही लोक हसले. म्हातारा वळला आणि खाणीपासून घरापर्यंत चालत आला. सुनेनं दार उघडलं तेव्हा त्याच्या मिशांवर बर्फाचे कण होते आणि गुडघा टम्म सुजला होता.

त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद. खाण तशी माती, दोघांचा पीळ एकच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, "सूनबाई, सांग त्याला, पाणी मी सोडणार."

मुलगा चार हातांवर बसला होता. तो म्हणाला, "सांग त्यांना, सोडा म्हणावं."

तेव्हापासून घरात दोन माणसं आणि एक टपालवाली, असा कारभार सुरू झाला.

थंडी त्या वर्षी सूड उगवायला आल्यासारखी आली. सकाळी दाराची कडी बोटांना चिकटायची. गाडी सुरू करणं म्हणजे रोज उठून एक बाळंतपण. सून साडेचारला उठून चुलीवर पाण्याचे दोन डबे चढवायची. म्हातारा घमेल्यात निखारे भरून द्यायचा, पाणी सोडण्यापलीकडे गाडीला हात लावायचा नसल्यानं दारापर्यंतच. पुढे मुलगा ते घमेलं इंजिनाच्या तेलाखाली सरकवायचा, कारण तेलाचा थिजून नुसता चिखल झालेला असायचा. डिझेलसुद्धा थिजायचं, फिल्टरमध्ये मेणासारखं पांढरं बसायचं, त्यावर ऊन पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळायची. बॅटरी रोज घरात यायची, चुलीजवळ पोत्यावर निजायची आणि सकाळी दोघांनी उचलून बाहेर न्यायची.

"माझी सवत बाहेर निजते," सून शेजारणीला सांगायची, "आणि तिचं पोर माझ्या चुलीशी. वर घरातली जाड गोधडी सवतीच्या बॉनेटवर. आम्ही फाटकीत."

शेजारीण हसायची. सून हसायची नाही, कारण ते जसंच्या तसं खरं होतं.

एवढं करूनही दोनदा गाडी वेळेत उठली नव्हती. खाणीचा मुकादम सात म्हणजे सात मानायचा. लोक त्याला घड्याळ्या म्हणायचे. सातला तो फळ्यासमोर खडू घेऊन उभा राहायचा आणि जी गाडी नाही तिच्या नंबरावर खूण करायचा. तीन खुणा झाल्या की नंबरावर रेघ, आणि नंबर दुसऱ्याला. नंबर मिळावा म्हणून खाली सतरा गाड्या टपून बसलेल्या. अकरा नंबरावर दोन खुणा होत्या. तिसरी झाली तर गाडी दारात उभी, आणि त्या गाडीशिवाय या घरात कमावणारं कोणीच नव्हतं.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता. गाडी दारात लागली, मुलगा उतरला, बॅटरी काढून आत नेली आणि तसाच भिंतीला पाठ लावून बसला. आठ खेपा केल्या होत्या. त्याचे डोळे दगडाच्या भुकटीनं लाल झाले होते. सून पीठ मळत होती. म्हाताऱ्यानं खिळ्यावरची तार घेतली, तीन बादल्या एकीत एक घातल्या आणि बाहेर गेला.

तो लवकर परत आला. नेहमीपेक्षा फार लवकर.

"झालं?" सुनेनं विचारलं.

"झालं," म्हातारा म्हणाला. तार खिळ्याला अडकवायला त्याला तीन वेळा हात उचलावा लागला. बोटं पांढरी पडली होती, मधल्या पेरांवर सुजलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. म्हाताऱ्याची मूठ धड झाकतही नव्हती आणि धड उघडतही नव्हती.

सून बादल्या आणायला बाहेर गेली. पहिली भरलेली होती. दुसरी भरलेली होती. तिसरीत चार बोटं पाणी होतं.

ती तिथेच उभी राहिली. गाडीखाली नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबकळत होता. तो पडत नव्हता. खिळ्यावरची तार आणायची, गाडीखाली शिरायचं, दोनदा ढोसायचं, एवढंच काम. तिनं दाराकडे पाहिलं. आत जाऊन तार काढली की म्हातारा बघणार, नवरा बघणार. नवरा विचारणार, कशाला? आणि मग म्हाताऱ्याचं हेही काम जाणार, तिच्या हातानं जाणार. शिवाय तिची कंबर सकाळपासून धरली होती. आटलं असेल, तिनं मनाला सांगितलं. गळका रेडिएटर, वाटेत सांडलं असेल. चाळीस वर्षांचा ड्रायव्हर आहे, त्याला कळत नसेल आणि आपल्याला कळतंय?

कपड्यांच्या बादलीत तिनं सवयीनं साबणाचा चुरा टाकला. त्यातलं अर्धं पाणी तिनं तिसऱ्या बादलीत ओतलं आणि ती बादली नवऱ्यापुढे नेऊन ठेवली. त्यानं हातपाय धुतले. बादली बाजूला सारली. म्हातारा आपल्या बादलीत पाय सोडून बसला होता, पण रोजसारखे डोळे मिटले नव्हते. जेवताना त्यानं अर्धी भाकरी परत ठेवली.

"मामा, बरं नाही का?"

"बरं आहे," म्हातारा म्हणाला.

पहाटे सून विजेरी घेऊन बॉनेटवरची गोधडी काढायला गेली, आणि तिला ते दिसलं.

इंजिनाच्या अंगावर, आतल्या पाण्याची भोकं बुजवायला, लोखंडाच्या गोल टिकल्या बसवलेल्या असतात, रुपयापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यातली एक निखळून पुढे आली होती. तिच्या मागे बर्फ होता, बोटभर बाहेर आलेला. इंजिनानं जीभ काढली होती आणि जिभेवर ती टिकली धरली होती. सुनेनं हात लावला, टिकली टुणकन खाली पडली.

मुलगा मागून आला. त्यानं वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हातारा दारात निखाऱ्यांचं घमेलं घेऊन उभा होता.

"काल पाणी कोणी सोडलं?" मुलगा म्हणाला. कोणाकडे बघून, ते कळत नव्हतं.

म्हाताऱ्यानं घमेलं खाली ठेवलं. तोंड उघडलं.

"मी," सून म्हणाली. "मामांना म्हटलं, वारा फार आहे, तुम्ही बसा. मीच सोडलं."

मुलगा वळला. "तू? तुला काय अक्कल आहे त्यातली? जन्मात कधी नळाला हात लावलास का? दोन खुणा आहेत फळ्यावर, ठाऊक आहे ना? माहीत नाही तर हात कशाला घालायचा माणसानं! आता घे, बस उराशी घेऊन!"

ती खाली मान घालून उभी राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तो तिच्यावर असा कधी ओरडला नव्हता. शेजारणीच्या दाराची फट उघडली आणि मिटली. सुनेला रडू आलं नाही, नुसता शीण आला, सगळ्या अंगात. आपण खोटं बोललो याचं तिला वाईट वाटत नव्हतं. आपलं खोटं इतकं सहज खपलं याचं वाटत होतं.

म्हातारा पुढे आला. गाडीला हात लावायचा नाही हे विसरून त्यानं इंजिनाच्या अंगावरून तळवा फिरवला, वरून खाली, खालून मागे, आजारी जनावराला चाचपावं तसा.

"सांग त्याला," तो सुनेला म्हणाला, "फुटलेलं नाही. टिकलीनं जीव दिला आणि इंजिन वाचवलं. भोक बुजवलं तर चालेल."

"सांग त्यांना, टिकली मिळायला बाजार उघडावा लागतो. पाच वाजलेत."

"सांग, लाकडाची बसवू. घाटात मी दोनशे मैल लाकडावर आणलीय गाडी."

मुलानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "लाकूड कसलं?"

सून आत गेली आणि कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन आली. नऊ वर्षं तिच्या हातात घासून घासून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती. म्हाताऱ्यानं मूठ भोकाशी धरून पाहिली आणि मान डोलावली. मुलानं करवतीनं ती कापली.

तोवर सुनेनं इंजिनाला पोती गुंडाळली आणि वर उकळतं पाणी ओतायला सुरुवात केली. आतला बर्फ वितळल्याशिवाय काही खरं नव्हतं. डबा ओतायचा, विहिरीवर पळायचं, डबा चढवायचा, फुंकायचं. अंगावरचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं आणि खालून ताठ व्हायला लागलं. पाय आपले आहेत की दुसऱ्याचे, हे तिला कळेनासं झालं. भोकातून आधी गाळ आला, मग बर्फाचे खडे, मग तांबडं पाणी. तिसरी बादली आत्ता बाहेर येत होती.

"सांग त्याला, निमुळतं कर. एका बाजूला सुरी जास्त नको."

"ऐकलंय म्हणावं."

"सांग, चिंधी गुंडाळ. तेलातली नको, कोरडी. लाकूड आत भिजून फुगलं पाहिजे."

तिघं एकमेकांपासून हातभर अंतरावर वाकलेले, आणि तरी प्रत्येक शब्द सुनेच्या अंगावरून जात होता. एरवी तिला हसू आलं असतं. मुलानं खुंटी भोकात धरली, हातोडा उचलला आणि थांबला. लाकूड चिरलं तर दुसरी मूठ नव्हती.

म्हातारा कान इंजिनाला लावून बसला होता. "ठोक," तो म्हणाला.

ते कोणाला म्हटलं, हे त्यानं सांगितलं नाही. मुलानं ठोकलं.

"ठोक. अजून. हलक्या हातानं. ठोक. बस!"

रेडिएटरमध्ये ऊन पाणी भरलं. खुंटीच्या कडेनं थेंब आले, मग कमी झाले. बॅटरी आणली. निखारे खाली सरकवले. मुलानं सेल्फ मारला. गाडी कण्हली. दुसऱ्यांदा कण्हली, धुराचा एक पांढरा गोळा टाकून गप्प झाली. उजाडत आलं होतं. मुलगा खाली उतरला, सीटमागून बोळा बांधलेली तार काढली आणि पेट्रोलची बाटली काढली. मग बापाकडे न बघता तसाच उभा राहिला.

"त्याला सांग," म्हातारा म्हणाला, "लाव. आज लाव."

धडाडून गाडी उठली. अंगण काळ्या धुरानं भरलं. मुलगा वर चढला आणि मागं न बघता निघून गेला. साडेसहा वाजून गेले होते. खाण अर्ध्या तासावर.

उरलेला दिवस दोघांनी कसा काढला ते सांगण्यासारखं काही नाही. सून ओले कपडे बदलून चुलीपाशी बसली, उठली, धोपाटण्याचा मूठ नसलेला फळा हातात धरून कपडे बडवले. म्हातारा उन्हात बसला, ऊन हललं तसा हलला. दुपारी त्यानं एकदाच विचारलं, "तू का खोटं बोललीस?"

"तुम्ही का गप्प बसलात?" ती म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत ती मान वर आली नाही.

दिवस मावळताना गाडीचा आवाज आला. म्हातारा उठून उभा राहिला. गाडी नेहमीच्या जागी लागली. मुलगा उतरला, तोंडावर भुकटीचा थर.

"पोचलो," तो सुनेला म्हणाला. "घड्याळ्यानं खडू टेकवला होता फळ्यावर. मी भोंगा वाजवत आत शिरलो. खुंटी धरून राहिली. दिवसभर थेंब नाही."

सून उंबऱ्यावर बसली. मुलानं बॅटरी काढून आत ठेवली. म्हातारा जागचा हलला नाही, तारेकडेही गेला नाही. वारा कालच्यासारखाच होता. पाणी सोडायची वेळ झाली होती आणि कोणीच उठत नव्हतं. शेवटी सून उठली आणि तिनं खिळ्यावरची तार काढली.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. मग तो मुलाकडे वळला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. "काल पाणी मी सोडलं. तिनं नाही. नळ तुंबला, ते कळलं मला. तार आत जाईना. म्हणजे तार जात होती, माझी बोटं धरत नव्हती. चार वेळा पडली खाली. पाचव्यांदा उचलता आली नाही. तुला हाक मारायची होती. मारली नाही."

मुलगा कपाळावरची भुकटी पुसत राहिला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तिसऱ्या बादलीत साबणाचा फेस होता. गाडीच्या पाण्याला फेस कधीपासून यायला लागला? कळलं मला, कमी निघालंय. उठून बघावं वाटलं. पण बघायचं म्हणजे तुम्हाला विचारायला लागलं असतं. म्हटलं, आधी मी का बोलू?"

सून तार हातात धरून दोघांकडे बघत होती. तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सकाळी तुम्हाला माहीत होतं, मी नाही सोडलं ते?"

"हो."

"मग माझ्यावर का ओरडलात? सगळ्या आळीसमोर?"

"दुसऱ्या कोणावर ओरडणार?" तो म्हणाला. "या घरात माझं बोलणं तुझ्याशीच होतं."

तिला त्याचा राग आला, म्हाताऱ्याचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. तिघांनी ती बादली पाहिली होती आणि तिघांनी तोंड मिटून इंजिन फुटू दिलं असतं. तिनं ती तार दोघांच्या मधोमध जमिनीवर टाकली आणि म्हणाली, "घ्या. आता तुमचं तुम्ही बघा. मी निरोप पोचवणार नाही."

ती आत जाऊन चुलीपुढे बसली. दार मात्र लावलं नाही.

बाहेर काही वेळ नुसता वारा होता. मग तार उचलल्याचा बारीक आवाज आला. पहिली बादली भरल्याचा आवाज आला, दुसरी भरल्याचा. मग छोटा नळ, ती बारीक धार, आणि धार थांबली.

"झालं," मुलाचा आवाज आला.

"नाही झालं," म्हातारा म्हणाला. "तार घाल. सरळ नको, जरा वर. फिरव."

धार आली. थांबली. मुलगा उठत असावा, बादलीची कडी वाजली.

"बस खाली," म्हातारा म्हणाला. "अजून आहे."